अनुदान देणाऱ्याचं नाव

अंबादास बोल्ली बोलायला उभा राहिला की समोरच्यानं घड्याळ बघायचं सोडून द्यायचं, अशी सोलापुरात रीतच पडली होती. माणूस वाईट नव्हता. सोळा मागांचा कारखाना, चादरींचा धंदा आणि गेल्या चार वर्षांपासून यंत्रमागधारक कृती समितीचं अध्यक्षपद, एवढं सगळं एकट्यानं खांद्यावर वाहत होता. पण माइक हातात आला की त्याची छाती दोन इंच फुगायची, आणि मग त्याला आवरणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

आणि त्याचा राग खोटा नव्हता. बाजारात परदेशी चादरी आल्या होत्या. तोच मोर, तोच काठ, तोच लालभडक रंग, आणि भाव आपल्या नुसत्या सुताच्या किमतीइतका! डंपिंग म्हणतात त्याला. स्वतःचा खर्चही निघणार नाही अशा भावानं दुसऱ्याच्या बाजारात माल ओतायचा आणि समोरचा बुडाला की पुढं भाव आपण ठरवायचा. मागं तिकडचं सरकार उभं असलं, की वीज फुकट, जागा फुकट, कर्ज माफ. सोलापुरातले दीडशे कारखाने दोन वर्षांत चाळीसवर आले होते. जिथं पूर्वी मागांच्या खडखडाटात शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं, तिथं आता कुत्री झोपलेली दिसत.

कायदा होता, पण दात नसलेला. तिकडच्या कारखान्यानं सांगायचं, आमचा खर्चच एवढा, आणि इकडच्यांनी मान डोलवायची. हे सगळं बदललं ते मूळवाचक आल्यावर.

मूळवाचक म्हणजे शिवणयंत्राएवढी एक पेटी. त्यात कापडाचा नखाएवढा तुकडा टाकायचा. कापूस कुठल्या मातीतला, रंग कुठल्या पाण्यात उकळला, सुकवताना किती आच दिली आणि ती मधे कधी थांबली का, याच्या खुणा धाग्यात राहतातच. फुकटच्या विजेवर चालणारी भट्टी रात्रंदिवस एकसारखी जळते, आणि बिल भरणाऱ्याची भट्टी भारनियमनाप्रमाणं खालीवर होते, हे धागा लपवू शकत नाही. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे हात. माणूस कापडाला हात लावतो तेव्हा घामाचा, कातडीचा अंश मागं ठेवतो. त्यातली प्रथिनं ठरावीक गतीनं मोडत जातात, घड्याळासारखी. किती जणांचे हात लागले, कुठल्या दिवशी लागले, किती तास लागले, सगळं त्या घड्याळावरून वाचता येतं. मग या सगळ्याची बेरीज करून मालाची खरी किंमत काढायची, आणि विकायचा भाव त्याहून कमी निघाला तर तेवढा कर आयातीवर चढवायचा. व्यापाऱ्याच्या कागदांची गरजच उरली नाही. मालच साक्ष द्यायला लागला.

कायदा सुधारायचं ठरलं तेव्हा अंबादास शिष्टमंडळ घेऊन दिल्लीला गेला होता. परदेशातल्या त्या कारखान्यांत कैद्यांकडून फुकट काम करून घेतात असं त्याच्या कानावर होतं, म्हणून त्यानं एका वाक्यासाठी हट्ट धरला. ज्या कामाला मजुरी मिळत नाही ते काम म्हणजे अनुदान, मग ते देणारा कुणीही असो. वाक्य जसंच्या तसं कायद्यात आलं. अंबादासनं ते फ्रेम करून ऑफिसात लावलं.

चौकशीसाठी सरकारी अधिकारी पाठराबे मॅडम सोलापुरात आल्या. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. नियमाप्रमाणं परदेशी मालासोबत इथल्या एका कारखान्याचा मालही तपासायचा होता. समितीचे सचिव मेरगू वकील म्हणत होते, की एखाद्या नव्या कारखान्याचा देऊ, जिथं चादरीच्या टोकाच्या धाग्यांच्या दशासुद्धा मशीनवर बांधतात. पण अंबादास कुठला ऐकतोय!

"माझा माल घ्या की ओ मॅडम!" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "गोडाऊन उघडं आहे. मोराचा लॉट घ्या. हातानं बांधलेल्या दशा आहेत, बघून तरी घ्या, सोलापूरची चादर म्हणजे काय असते ते."

मॅडमनी त्या लॉटमधला आठ चादरींचा एक गठ्ठा काढून घेतला. लॉटला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा घामाचा नमुना लागतो म्हणाल्या. मागावरच्या कामगारांनी दिला, अंबादासनंही मालक म्हणून रुबाबात बोट पुढं केलं.

महिन्याभरानं सुनावणी झाली. सभागृह भरलेलं होतं. बायकाही दिसल्या पाहिजेत असं समितीनं ठरवल्यामुळं घरोघरच्या बायकांना आणून बसवलं होतं, आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून अंबादासची थोरली बहीणही बसली होती. नागमणी. सगळे तिला नागक्का म्हणत. अठ्ठाविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा भावाकडं आली, ती एकतीस वर्षं इथंच होती. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत मोजकंच बोलणारी. अंबादास चार माणसांत अभिमानानं सांगायचा, "बहिणीला आयुष्यभर सांभाळलं मी. कधी काही कमी पडू दिलं नाही."

मॅडमनी परदेशी मालाचा अहवाल वाचला. खऱ्या किमतीच्या निम्म्या भावानं विक्री. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणीतरी शिट्टीही मारली. मग त्यांनी दुसरा कागद घेतला.

"आता इथला माल. सूत, रंग, वीज, सगळं चोख आहे. मागावर चौघांचे हात, चौघांचीही नावं मजुरीच्या यादीत आहेत. पण दशा बांधणारे हात एकाच व्यक्तीचे आहेत. एका चादरीला सव्वा तासाच्या वर. या हातांचं नाव यादीत नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बोल्लीसाहेब, हे कुणाचे हात?"

अंबादासला प्रश्न कळायलाच क्षणभर लागला.

"ते होय? ते आमचं घरचंच ओ," तो हसून म्हणाला. "बहीण माझी."

"त्यांना मजुरी?"

"बहिणीला कुणी मजुरी देतंय का, मॅडम?" सभागृहात हशा पिकला. "घरातलीच आहे की ती."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे कायद्यातलं वाक्य वाचलं. ज्या कामाला मजुरी मिळत नाही ते काम म्हणजे अनुदान, मग ते देणारा कुणीही असो. हशा थांबला. मॅडम पुढं म्हणाल्या, की हे तास किमतीत धरले तर इथल्या चादरीची खरी किंमतही विक्रीच्या भावाच्या वर जाते. मग ज्या नुकसानीची तक्रार आहे, तिचा काही भाग स्वतःच ओढवून घेतलेला ठरतो. चाळीस टक्के कराची मागणी होती, तो चोवीसवर येईल.

चोवीस टक्क्यांत काय होतंय! उरलेले चाळीस कारखाने त्यातनं वाचणार नव्हते. सगळ्यांच्या माना अंबादासकडं वळल्या. मेरगू वकील टेबलाखालून त्याचं धोतर ओढावं तशी पँट ओढत कुजबुजले, "हौस म्हणा, अण्णा. कलम आहे. हौसेनं केलेलं घरकाम वगळता येतं."

आणि अंबादास बोलला. माइक समोर होताच.

"मॅडम, ती हौस म्हणून करते. रिकामीच असते दिवसभर. वेळ जात नाही म्हणून दोन दशा वळत बसते. त्याला काम कुठं म्हणायचं?"

"त्या इथं आहेत?"

नागक्काला पुढं आणलं. पदर सावरत ती टेबलापाशी उभी राहिली. मॅडमनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही.

"हे काम तुम्ही स्वतःच्या इच्छेनं, हौस म्हणून करता का?"

नागक्कानं भावाकडं पाहिलं. एकदाच. रागानं नव्हे, ताटात काय वाढू असं विचारताना बघतात तसं. मग ती मॅडमना म्हणाली, "हौ. मी रिकामीच असते. हौस म्हणून करते."

तिनं कागदावर सही केली. तेलुगू अक्षरांत, एकेक अक्षर थांबून. पेन धरताना तिचा अंगठा नीट वाकत नव्हता. पहिल्या पेरावर धाग्यानं पडलेली खाच होती, पेन्सिल बसेल एवढी. ती मॅडमनी पाहिली. अंबादासनंही पाहिली, आणि नजर दुसरीकडं वळवली.

"जबाबात दुरुस्ती करायची झाल्यास तीस दिवसांत करता येते," मॅडम कागद मिटताना म्हणाल्या. त्या कुणाकडं बघून म्हणाल्या नाहीत.

चाळीस टक्के कर लागला. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. अंबादासच्या गळ्यात इतके हार पडले की हनुवटी दिसेना. रविवारी दुपारी चारला जाहीर सत्कार ठरला.

रविवारी सकाळी तो ऑफिसात भाषण लिहायला बसला. चार आकडे घालावेत म्हणून त्यानं अहवालाची जाडजूड प्रत उघडली. सुनावणीत वाचला नव्हता तो भाग शेवटी, बारीक अक्षरांत होता. आठ चादरींचे आठ तक्ते. हात, तास, दिवस.

आठही चादरींवर दशांच्या रकान्यात दिवस एकच. २ मे. एकूण तास अकरा.

तारीख ओळखीची वाटली. त्यानं मान वर केली तर समोर भिंतीवर फोटोच होता. हर्षदाच्या, त्याच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाचा. खाली सोनेरी अक्षरांत २ मे.

अहवालात तक्त्यांखाली आणखी एक ओळ होती. 'दुसरा हात: काही सेकंद. फक्त गठ्ठ्याच्या वरच्या चादरीवर. नमुन्याशी जुळतो: मालक. हळदीचे अंश.'

अंबादासनं अहवाल मिटला. मग पुन्हा उघडला. अक्षरं तीच होती.

त्याला ती सकाळ आठवली, आणि आठवली म्हणजे अशी, की कानाच्या पाळ्या तापल्या. दारात मांडव, हळद चाललेली. आतून नागक्का नवं लुगडं नेसून बाहेर येत होती, कुंकवाचा करंडा घेऊन. हर्षदाला तिनंच न्हाऊमाखू घातलेलं, वाढवलेलं. व्याह्यांकडच्या दोन बायका एकमेकींच्या कानात काहीतरी बोलल्या. बाकी काहीच झालं नाही, कुणी अक्षर काढलं नाही. पण अंबादासला ते दिसलं, आणि हळदीनं माखलेल्या हातांनी तो तसाच गोडाऊनमधे गेला, मोराच्या चादरींचा एक गठ्ठा उचलला आणि मागच्या खोलीत तिच्यापुढं नेऊन ठेवला.

"अक्का, तिकडं लई गर्दी आहे, तुला त्रास होईल. एवढं जरा बघ. ऑर्डर अर्जंट आहे."

लोकांना त्यानं सांगितलं होतं, अक्काची तब्येत बरी नाही.

कसली ऑर्डर आणि कसलं काय! तो गठ्ठा त्यानंतर महिनोन्‌महिने गोडाऊनमधे पडून होता. पडून होता म्हणूनच तर मॅडमच्या हाती लागला. आणि 'मोराचा लॉट घ्या' म्हणून छाती पुढं काढून दाखवला कुणी? यानंच.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं ते अंबादासला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. ऑफिसात कुणी नव्हतं, तरी त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मेरगू वकिलांकडं तो तसाच गेला. वकील सत्काराचा हार ताजा आहे का ते बघत होते. दुरुस्तीचा अर्ज म्हटल्यावर त्यांनी हार खाली ठेवला.

"डोकं फिरलंय काय, अण्णा? चोवीसवर येईल कर. चाळीस घरं रस्त्यावर येतील."

"खोटं बोललोय मी. तिलाही बोलायला लावलंय."

"अहो, कुणाच्या घरी नाही ओ ते?" वकील ओरडलेच. "प्रत्येकाच्या घरी एक अक्का आहे! माझी आई वारली तेव्हा मांडीवर दशा होत्या तिच्या. सगळे काढत बसलो तर धंदा राहील काय?"

बोलून झाल्यावर वकील स्वतःच थबकले. पुन्हा हार उचलून त्यांनी उगाच त्याची पाकळी तोडली. मग म्हणाले, "तुम्ही अर्ज दिलात तर समिती तुम्हाला काढून टाकेल. मलाच सही करावी लागेल त्यावर."

"करा," अंबादास म्हणाला.

सत्काराची वेळ झाली होती. लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारणं चालू होतं, आणि तो घरी मागच्या खोलीत येऊन उभा होता. नागक्का चटईवर बसली होती. चादरीच्या टोकाचे सुटे धागे चिमटीत धरायचे, मांडीवर पीळ द्यायचा, गाठ मारायची, पुढचे घ्यायचे. तिचे हात थांबले नाहीत.

"तू इथं काय करायलास? तिकडं बोलवायलेत की तुला."

अंबादास तिच्यासमोर खाली बसला. चाळीस वर्षं चादरीवर भाषणं ठोकणारा माणूस, त्यानं एक चिमूट धागे घेतले आणि पीळ देऊन बघितला. गाठ मारायला गेला तर पीळ सुटला.

"सोड. तुला येत नाही," ती म्हणाली.

"अक्का, हर्षदाच्या लग्नात ऑर्डर नव्हती."

"ठाऊक आहे."

"तुला ठाऊक होतं?"

"गोडाऊनची चावी माझ्याकडंच असते की, अंबू. माल कधी जातो, कधी राहतो, मला नाही कळणार?"

"मग का बांधत बसलीस दिवसभर?"

तिनं गाठ पूर्ण केली, दातांनी धागा तोडला. "तू आणून ठेवलास म्हणून. आणि हात रिकामे ठेवून काय करू? मंगलाष्टका इथपर्यंत ऐकू येत होत्या."

अंबादासला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना. नुसती लाज वाटत होती, अंगभर, ताप चढावा तशी. त्यानं खिशातून अर्ज काढून चटईवर पसरला आणि तिला सगळं सांगितलं. दुरुस्ती, चोवीस टक्के, वकील, सगळं.

नागक्काचे हात पहिल्यांदा थांबले. ती घाबरली होती. "माझ्या एकटीपायी चाळीस कारखाने? नको रे. मी सही केली आहे, झालं की. आणि मग हे काम बंद करणार काय माझं?"

"बंद नाही. मजुरी मिळेल. मागची पण द्यायची आहे, कशी देणार ते मला अजून ठाऊक नाही. चादर महाग होईल. विकली तर विकली."

"आणि नाही विकली तर?"

"तर नाही," तो म्हणाला. पुढं काय होणार हे त्याला खरंच दिसत नव्हतं.

लाउडस्पीकर आता थांबला होता. अंबादासनं पेन उघडलं. पहिला रकाना होता, अनुदान देणाऱ्याचं नाव. त्यानं 'नागमणी' लिहिलं आणि अडखळला. रेशनकार्डावर त्यानं तिचं आडनाव बोल्ली लावलं होतं. कधी विचारलंच नव्हतं.

"पूर्ण नाव सांग, अक्का."

"नागमणी सिद्राम कोडम," ती म्हणाली. सिद्राम हे नाव त्या घरात कित्येक वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. ते उच्चारताना ती किंचित ताठ बसली.

"कधीपासून, असं विचारलंय."

"एकतीस वर्षं लिही. त्याआधी आई बांधायची."

आईसाठी रकाना नव्हता. त्यानं समासात आईचं नाव लिहिलं. मग अनुदान घेणाऱ्याचं नाव. तिथं त्यानं स्वतःचं नाव लिहिलं, अंबादास राजय्या बोल्ली, आणि हे नाव गेल्या आठवड्यात किती बॅनरवर बघितलं ते त्याला आठवलं.

शेवटी एक प्रश्न होता. उत्तर होय किंवा नाही एवढंच द्यायचं होतं. 'हे काम विनामोबदला होत असल्याची घेणाऱ्याला जाणीव होती काय?'

पेन थांबलं. नागक्काला मराठी सावकाश वाचता यायचं. तिनं मान तिरकी करून ओळ वाचली, मग भावाच्या तोंडाकडं पाहिलं.

"नाही लिही," ती हळूच म्हणाली. "तुला कुठं रे ठाऊक होतं."

एकतीस वर्षं ती त्याला असंच वाचवत आली होती, आणि आताही वाचवत होती. अंबादासनं मान वर केली नाही. कागदावर वाकून, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर ठसठशीत काढत त्यानं लिहिलं, 'होय.'